होमस्टेची वेबसाइट: जुन्या लेखांवर हात फिरवावा की नवे लिहावेत?

गोव्यातल्या फोंडा तालुक्यात कुळागराला, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेला, लागून ज्यांनी चार-पाच खोल्या काढल्या आहेत, त्यांच्या वेबसाइटवर बहुधा हौसेनं लिहिलेले वीस-पंचवीस लेख पडून असतात. मंगेशी, कवळ्याची शांतादुर्गा, म्हार्दोळची म्हाळसा, शिगमो, दूधसागर. गूगलवरून येणारी माणसं रोडावली की घरात चर्चा सुरू होते: हेच दुरुस्त करू, की नवीन लिहू? वेळ मिळतो तो पावसाळ्यात. ऑक्टोबरात पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली की लिहायला बसणार कोण? माझं मत आधीच सांगते. निम्म्याहून जास्त पावसाळा जुन्या लेखांना द्या, पण सरसकट सगळ्यांना नको.

‘गोव्यात कसे पोहोचाल’ हा २०१९ साली लिहिलेला लेख घ्या. त्यात विमानतळ म्हणजे फक्त दाबोळी, आणि दाबोळीहून पणजीला जाताना झुआरी पुलावरच्या कोंडीचा इशारा. त्यानंतर २०२२च्या डिसेंबरअखेर झुआरीवरचा नवा पूल सुरू झाला, ५ जानेवारी २०२३ पासून मोपाला विमानं उतरू लागली, २७ जूनला मुंबई–मडगाव वंदे भारत आली. मोपाचं तिकीट काढलेला पुण्याचा माणूस हा लेख उघडतो आणि लगेच मागे फिरतो. याच विषयावर नवा लेख टाकलात तर तुमचेच दोन लेख एकमेकांशी झगडतील. जुन्याला गूगल ओळखतं, इतर ठिकाणांहून त्याला दुवे मिळालेले असतात. ती पुण्याई नव्या पानाला पहिल्या दिवसापासून मिळत नाही. इथे दुपारभर बसून दुरुस्ती करणं स्वस्त आणि शहाणपणाचं. मात्र दुरुस्ती म्हणजे वरची तारीख बदलणं नव्हे. मजकूर तसाच ठेवून तारीख ताजी करू नका, असं गूगलच्या मार्गदर्शनात स्पष्ट सुचवलेलं आहे. आणि पानाचा पत्ता, म्हणजे यूआरएल, तोच राहू द्या.

नवा लेख कुठे जिंकतो? मुंबई, बेळगाव, कारवारहून कुळदेवाला येणारी कुटुंबं घ्या. अभिषेकासाठी सकाळी किती वाजता पोहोचायचं, थकलेल्या आईला पायऱ्या चढाव्या लागतील का, प्रसाद झाल्यावर टेकायला जवळ खोली आहे का, हे त्यांचे प्रश्न. देवळाच्या इतिहासावरच्या लेखात हे कोंबलं तर दोन्हींची चव जाते. वेगळा लेख लिहा आणि जुन्यातून त्याला दुवा द्या. त्याला वाचक मिळायला कदाचित काही महिने जातील, पण ही माहिती देवळाशेजारी राहणाऱ्यालाच असते. बाहेरच्या मोठ्या पर्यटन साइट्स इथे तुमच्यापुढे फिक्या पडतात, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

कोणता लेख कोणत्या बाजूला टाकायचा हे अंदाजानं ठरवू नका. गूगल सर्च कन्सोल, म्हणजे आपलं पान गूगलच्या शोधात कसं चाललंय हे दाखवणारं साधन, फुकट आहे आणि तिथे १६ महिन्यांचे आकडे राहतात. गोव्यात ही मुदत फार कामाची, कारण जुलै आणि डिसेंबरची तुलना इथे निरर्थक आहे. हा डिसेंबर मागच्या डिसेंबरशीच ताडायचा. लोक शोधत आहेत, म्हणजे इम्प्रेशन्स (शोधाच्या निकालांत पान किती वेळा दिसलं तो आकडा) टिकून आहेत, पण लेखाचा क्रमांक चारवरून नऊवर घसरला आहे? हात फिरवायला घ्या. क्रमांक जागेवर असून इम्प्रेशन्सच आटली असतील तर बहुधा त्या विषयाची विचारणाच संपली, सोडून द्या. क्रमांकही जागेवर, इम्प्रेशन्सही, तरी क्लिक घटले? मग बहुधा गूगल वरच्या वर एआयचं उत्तर देऊन मोकळं होतंय. तिथे कितीही डागडुजी केली तरी फारसं हाती लागत नाही. तो वेळ कुळदेवाच्या लेखासारख्या गोष्टींना द्या.

तिसरा मार्ग एकत्र करण्याचा. शिगमोवर दर वर्षीचं वेगळं पान असेल तर एकच ठेवा, पत्त्यात साल नको, आणि दर फाल्गुनात त्याच पानावर नव्या मिरवणुकांच्या तारखा घाला. बाकीच्या पानांवरून ३०१ रिडायरेक्ट, म्हणजे जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप या पानावर आणणारी सोय, लावा आणि तो निदान वर्षभर काढू नका. जुन्या गोव्यातल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवप्रदर्शनाचा लेख मात्र वेगळा. ते दर दहा वर्षांनी होतं आणि मागचं ५ जानेवारी २०२५ला संपलं. तो सोहळा झाला एवढं वर लिहा आणि पान तसंच ठेवा.

म्हणजे जून-जुलैत जुने लेख, चतुर्थीच्या आधी एक-दोन नवे. बदल केल्यावर दुसऱ्याच दिवशी क्रमांक बघून हिरमुसू नका. गूगलला पान पुन्हा वाचायला कधी काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. खरा निकाल ऑक्टोबर संपल्यावर, मागच्या ऑक्टोबरचे आकडे शेजारी ठेवून बघा.