प्यू रिसर्च सेंटरचा जागतिक धर्मांचा अहवाल (२०२५): आकडे उत्तम, रकाने अपुरे

कोणता धर्म कुठे आणि किती, हे देशवार आणि मोफत हवं असेल तर प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेचा हा अहवाल जरूर घ्यावा. २०१ देश-प्रदेशांचे २०१० आणि २०२० चे आकडे शेजारीशेजारी मिळतात. २०२० मध्ये जगाच्या लोकसंख्येत ख्रिस्ती २८.८ टक्के, मुस्लिम २५.६, कोणताच धर्म न सांगणारे २४.२, हिंदू १४.९.

गोची वर्गीकरणात आहे. गट सातच. शीख, जैन, बहाई, ताओ आणि आफ्रिकेतल्या पारंपरिक श्रद्धा, सगळं 'इतर' या एका रकान्यात, २.२ टक्क्यांत. शिखांची संख्या ज्यूंपेक्षा जास्त, तरी स्वतंत्र रकाना ज्यूंनाच. हे अजिबात पटत नाही. सुन्नी-शिया, कॅथलिक-प्रोटेस्टंट हे भेदही इथे सापडणार नाहीत.

सर्वांत जास्त चुका होतात त्या प्यूच्याच २०१२ च्या जुन्या अहवालाशी तुलना करताना. त्यात २०१० साठी बौद्ध सुमारे ७ टक्के होते, इथे २०२० साठी ४.१. ही घट बरीचशी कागदावरची, कारण चीनमधल्या बौद्धांचा अंदाज बांधण्याची पद्धतच बदलली. शिवाय तेव्हा लोकधर्मांचा (स्थानिक पारंपरिक श्रद्धांचा) गट वेगळा होता, आता तो 'इतर'मध्ये गेला. त्यामुळे २०१० चे आकडेही नव्या अहवालातूनच उचला.