रेषेचा आलेख: सारणी, अक्षांवरचे बिंदू की चढ?

२क्ष + ३य = १२ या समीकरणाचा आलेख काढायला सांगितला की महाराष्ट्र बोर्डाचा विद्यार्थी आधी सारणी आखतो. क्लासला जाणारा एखादा (६, ०) आणि (०, ४) हे दोन बिंदू जोडून मोकळा होतो. अमेरिकेत शिकणारी त्याची चुलतबहीण समीकरण उलटसुलट करून ‘चढ उणे दोन तृतीयांश, सुरुवात चारवर’ असं म्हणत रेषा ओढते. तिघांची रेषा एकच येते. यांतली शिकायची पद्धत कोणती, घरी शिकवायची कोणती आणि पेपरात लिहायची कोणती, या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र वेगवेगळी आहेत. माझं मत आधीच सांगतो: पेपरात सारणी लिहावी, पण विचार चढाचा, म्हणजे रेषा किती तीव्र चढते किंवा उतरते याचा, करावा. (चिन्हं इथे जुन्या मराठी पुस्तकांसारखी क्ष आणि य ठेवली आहेत. मुलांच्या वहीत तिथे इंग्रजी अक्षरं असतील.)

सारणी

क्षला एक किंमत द्यायची, य काढायचा आणि जोडी कागदावर मांडायची. रेषा ठरायला दोन बिंदू पुरतात, तरी शिक्षक तीन-चार मागतात आणि ते बरोबरच आहे. दोन बिंदूंमधून रेषा नेहमीच जाते, बिंदू चुकले असले तरी जाते. तिसरा बिंदू बाजूला पडला, तरच आकडेमोडीत काही घसरल्याचं कळतं. वेळ वाचवायला तिसरा बिंदू गाळणारा विद्यार्थी पडताळाच गाळत असतो.

सारणी नकोशी होते ती किंमती निवडताना. मुलं सवयीने क्ष = ०, १, २ घेतात. वरच्या समीकरणात त्यामुळे य येतो ४, १०/३ आणि ८/३. आता १०/३ म्हणजे ३.३३ आलेख कागदावर कुठे मांडणार? मिलिमीटरच्या चौकटीत अंदाजाने. त्याऐवजी क्ष = ०, ३, ६ घ्या: य येतो ४, २, ०. यचा सहगुणक ३ आहे म्हणून क्ष तीन-तीनने वाढवला, एवढंच.

अवघड वाटणारं समीकरण घेऊ: ५क्ष + ७य = ३. क्ष = ० घेतलं तर य = ३/७; क्ष = १ घेतलं तर −२/७. क्ष = २ ला मात्र य = −१ मिळतो. एक पूर्णांक जोडी हाताला लागली की पुढचं सोपं: क्ष सातने वाढवा, य पाचने कमी करा. (९, −६). उलट दिशेने (−५, ४). पडताळून पाहा, तिन्ही बसतात. कधीकधी पूर्णांक जोडी नसतेच. ४क्ष + ६य = ३ मध्ये क्ष आणि य पूर्णांक घेतले तर डावी बाजू कायम सम, उजवी विषम; शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथे (०, ०.५), (३, −१.५) असे अर्ध्यावरचे बिंदू घ्यावेत, ते कागदावर नीट बसतात.

सारणी कुठल्याही समीकरणावर चालते. क्ष = ४ सारखी उभी रेषासुद्धा काढता येते: क्ष सगळीकडे ४, य हवा तो. पण तिची एक मर्यादा फारशी कुणी बोलत नाही. आलेख काढून झाला तरी विद्यार्थ्याला त्या रेषेबद्दल काहीच सांगता येत नाही. ती चढते की उतरते, किती तीव्र, दुसऱ्या एखाद्या रेषेला समांतर आहे का, हे सारणीच्या चौकटीत दडलेलं असतं आणि तिथेच राहतं.

अक्षांवरचे दोन बिंदू

क्ष = ० ठेवून य, य = ० ठेवून क्ष. अर्ध्या मिनिटात काम. समीकरणाची उजवी बाजू दोन्ही सहगुणकांनी भागली जात असेल, २क्ष + ३य = १२ सारखी, तर याहून जलद काही नाही. बारावीला लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये अटींच्या रेषा काढताना हीच पद्धत सर्रास वापरतात. तिथे पहिलं चरण (क्ष आणि य दोन्ही धन असतात तो भाग) तेवढं लागतं आणि अक्षांवरचे बिंदू बहुधा उत्तराच्या प्रदेशाचे कोपरेही असतात.

ती फसते कुठे? ३क्ष − २य = ० मध्ये दोन्ही वेळा (०, ०) च मिळतो. एका बिंदूवर रेषा ठरत नाही, मग (२, ३) शोधावा लागतो. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. ५क्ष + ७य = ३ चे अक्षांवरचे बिंदू (०.६, ०) आणि साधारण (०, ०.४३). एक सेंटिमीटर = एक एकक धरलं तर दोघांतलं अंतर पाऊण सेंटिमीटरही भरत नाही. एक बिंदू मिलिमीटरभर सरकला, तर सात सेंटिमीटर पुढे जाईपर्यंत रेषा जवळजवळ सेंटिमीटरभर भरकटलेली असते. बिंदू जितके लांब घ्याल तितकी रेषा खरी येते. या पद्धतीत ते अंतर आपल्या हातात नसतं.

चढ

समीकरण असं फिरवायचं की डावीकडे एकटा य उरेल: य = म × क्ष + क. इथे म म्हणजे रेषेचा चढ आणि क म्हणजे रेषा य-अक्षाला छेदते ती उंची. आपलं समीकरण होतं य = −(२/३)क्ष + ४. पेन्सिल (०, ४) वर ठेवा. तीन घरं उजवीकडे, दोन खाली: (३, २). पुन्हा तसंच: (६, ०). सारणीत आपण हुशारीने निवडलेले बिंदू आपोआप आले. ५क्ष + ७य = ३ मधलं ‘सात पुढे, पाच खाली’ हासुद्धा चढच होता, −५/७. म्हणजे चांगली सारणी भरणारा विद्यार्थी नकळत चढ वापरतच असतो.

महाराष्ट्रात हे दोन धागे वेगवेगळ्या पेपरांत पडतात. बालभारतीच्या सध्याच्या दहावीच्या पुस्तकांत रेषेचा आलेख भाग १ च्या पहिल्याच प्रकरणात आहे, दोन चलांतील रेषीय समीकरणांत. रेषेचा चढ येतो भाग २ मध्ये, निर्देशक भूमितीत, यमधला फरक भागिले क्षमधला फरक या रूपात. बीजगणिताची वही वेगळी, भूमितीची वेगळी, परीक्षेचा दिवसही वेगळा. दोन्हीकडे तीच रेषा आहे, हे मुद्दाम कुणी जोडून दाखवलं नाही तर बरीच मुलं अकरावीपर्यंत जोडत नाहीत. एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमात चढाचा सविस्तर विचार अकरावीत येतो. अमेरिकेत मात्र आठवीतच, आणि तिथे वरच्या सूत्रातल्या क च्या जागी बी लिहितात, सी नव्हे. परदेशात मुलांना शिकवणाऱ्या मराठी आईबाबांनी एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धा गोंधळ टळेल.

चढाची खरी ताकद रेषा काढण्यापेक्षा ती वाचण्यात आहे. मुंबईतलं रिक्षाभाडं बघा. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७.१४ रुपये. क्ष म्हणजे अंतर, य म्हणजे भाडं. दीड किलोमीटरपर्यंत रेषा आडवी, चढ शून्य. पुढे य = २६ + १७.१४(क्ष − १.५), सोडवल्यावर य = १७.१४क्ष + ०.२९. सारणीने काढलं तर २, ४, ६ किलोमीटरला ३४.५७, ६८.८५, १०३.१३ हे आकडे मिळतात, आणि रेषा येते. समीकरणाकडे नुसतं पाहिलं तर आणखी काही दिसतं: शेवटचा आकडा फक्त ०.२९ आहे, म्हणजे ही रेषा मागे वाढवली तर जवळपास आरंभबिंदूतून जाते. किमान भाड्यात वेगळा असा आकार जवळजवळ नाहीच. दीड किलोमीटरचा किलोमीटरच्याच दराने हिशेब करून वर थोडं गोळाबेरीज केलेलं आहे. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे त्याच तारखेचे आकडे ३१ आणि २०.६६ घालून पाहा, शेवटी ०.०१ उरतो.

खोट कुठे आहे? क्ष = ४ ही उभी रेषा या रूपात बसतच नाही; तिचा चढ काढता येत नाही, कारण भागायला शून्य येतो. आणि चिन्हांच्या चुका. २क्ष + ३य = १२ पाहून चढ २/३ सांगणारी मुलं दर वर्गात भेटतात; य एकटा करायच्या आधीच ती सहगुणकांचा भागाकार करून टाकतात. तिसरी काळजी प्रमाणाची. दोन अक्षांवर वेगळं प्रमाण घेतलं तर घरं मोजून भागत नाही, एकक मोजावे लागतात.

दोन रेषा एकत्र आल्या की

एकसामयिक समीकरणांत फरक लगेच जाणवतो. क्ष + य = ५ आणि २क्ष − य = ४ यांच्या रेषा (३, २) मध्ये छेदतात, कुठल्याही पद्धतीने छान दिसतं. ३क्ष + २य = ७ आणि क्ष − ४य = १ घेतलं तर छेदनबिंदू (१५/७, २/७) येतो. आलेखावर आपण वाचणार २.१ आणि ०.३, पहिल्या समीकरणात घातलं तर ७ च्या जागी ६.९. इथे लोप पद्धत किंवा क्रेमरची पद्धत घ्यावी, आलेख फक्त उत्तर साधारण कुठे आहे ते सांगेल.

२क्ष + ३य = १२ आणि ४क्ष + ६य = ३ या जोडीत मात्र चढ सरळ जिंकतो. दोघींचा चढ −२/३, अक्षावरची उंची वेगळी (४ आणि ०.५), म्हणून रेषा समांतर, उत्तर नाही. सारणीवाला दोन्ही रेषा काढून, पट्टी लावून, त्या पुढे कुठे मिळतील का याचा विचार करत बसतो.

मोबाइलवरच्या जिओजेब्रा किंवा डेसमॉसबद्दलही विचारणा होते. समीकरण टाकलं की रेषा तयार. म बदलून रेषा फिरताना आणि क बदलून वरखाली सरकताना बघायला याहून चांगलं साधन नाही. हाताने निदान पाच-सहा आलेख काढल्याशिवाय मात्र देऊ नये. सॅट ही अमेरिकेतली कॉलेज प्रवेशाची परीक्षा देणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. तिथे डेसमॉस परीक्षेच्या स्क्रीनवरच असतं.

कुणी काय निवडावं

दहावी बोर्डाच्या विद्यार्थ्याने वर म्हटल्याप्रमाणे बिंदू चढाने शोधावेत आणि सारणीत मांडावेत. परीक्षकाला हव्या त्या जोड्या दिसतात, अपूर्णांक टळतात, आणि ‘सारणी पूर्ण करा’ अशा कृतीत दिलेल्या किंमतींचं उत्तर चुकलंय का, हेही चढावरून पटकन कळतं. क्ष समान अंतराने वाढत असेल तर यही समान अंतराने बदलायला हवा. प्रमाण लिहायला, अक्षांना नावं द्यायला आणि रेषेवर समीकरण लिहायला विसरू नये.

गणिताची धास्ती घेतलेल्या मुलाला नुसती सारणी पुरे. तिथे चढ मध्ये आणला तर चिन्हांत अडकून तो आलेखच सोडून देतो. पूर्णांक किंमती कशा निवडायच्या तेवढं दाखवावं. अकरावी-बारावीला विज्ञान घेणार असेल तर दहावीच्या सुट्टीतच चढाचं रूप हाताखालून जाऊ द्यावं, कारण भौतिकशास्त्रात पहिल्याच महिन्यांत वेग-काळाचे आलेख येतात आणि त्यातला चढ म्हणजे त्वरण. वाणिज्य शाखेकडे जाणाऱ्याने बारावीच्या लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी अक्षांवरच्या बिंदूंवर हात बसवावा.

घरी शिकवणाऱ्या पालकांनी सुरुवात य = २क्ष + १ सारख्या, आधीच सुटलेल्या समीकरणापासून करावी. सामान्य रूपातली, म्हणजे २क्ष + ३य = १२ सारखी, समीकरणं दुसऱ्या आठवड्यात आली तरी चालतील, आणि उभी रेषा त्याहूनही नंतर.