गावाची विहीर की पन्नास गावांची पाइपलाइन? ठराव करण्याआधी ताडून पाहण्याच्या गोष्टी

तीन हजार वस्तीचं गाव धरा. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने त्याला रोज १ लाख ६५ हजार लिटर पाणी लागतं, म्हणजे वर्षाला साधारण ६० हजार घनमीटर. पाटाने भिजवलेल्या उसाला हेक्टरी २० हजार घनमीटर तरी लागतं. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षभराचं पिण्या-वापरण्याचं पाणी आणि साडेसात एकर उसाचं पाणी सारखंच. आता आभाळाकडून हिशेब करा. हजार हेक्टरच्या शिवारात ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर ६० लाख घनमीटर पाणी पडतं. गावाची गरज त्याच्या एक टक्का आहे.

मराठवाडा, नगर, सोलापूरच्या दुष्काळी पट्ट्यात ग्रामपंचायतीपुढे दोन कागद येतात: गावाची स्वतंत्र नळयोजना, किंवा दूरच्या धरणावरच्या प्रादेशिक योजनेत सहभाग. दोन्हींची तुलना बहुतेक वेळा खर्चाच्या आकड्यावर सुरू होते आणि तिथेच संपते. माझ्या मते खरी कसोटी दुसरीच आहे. लागोपाठ दोन पावसाळे हुकल्यावर, मे महिन्यात, त्या पाण्यावर कुणाचा ताबा असेल?

स्वतंत्र योजना

आपला उद्भव (म्हणजे पाण्याचा स्रोत), आपली टाकी, आपला वॉल्व्हमन. बिघाड झाला तर माणूस संध्याकाळपर्यंत सापडतो, पाणीपट्टी कुठे गेली हे ग्रामसभेत विचारता येतं. ही जमेची बाजू मोठी आहे.

दुबळी बाजू जमिनीखाली आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, बेसाल्टचा. त्यात पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांमध्ये. हा साठा एका पावसाळ्यात भरतो आणि उपसा जास्त असेल तर संक्रांतीनंतर उतरायला लागतो. खोल बोअर घेतल्याने नवं पाणी तयार होत नाही. भेग लागली तर काही वर्षं चालतं, मग फक्त हवा येते. योजनेची विहीर भर पावसाळ्यानंतर मोजली आणि तेवढ्यावर पाइप, टाकी, पंप सगळं मंजूर झालं, तर फेब्रुवारीत कोरडी तोटी ठरलेलीच. उद्भवाची क्षमता उन्हाळ्यात तपासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा दाखला घेतला आहे का, हे म्हणूनच आधी विचारा.

कायदा गावाच्या बाजूने आहे. पिण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घेता येत नाही, हे १९९३ च्या कायद्यापासूनच लिहिलेलं आहे. २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवरही बंधन आणलं. पण शेजारच्या शेतात बोअरची गाडी आली की तिला अडवायला मुंबईहून कुणी येत नाही. ते काम गावालाच करावं लागतं, आणि ते नातेसंबंधांच्या आड येतं.

हिवरे बाजारने ते करून दाखवलं. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे दरवर्षी पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसं-जनावरांचं पाणी बाजूला काढायचं, मग उरेल त्यावर पिकं ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. जालन्याच्या कडवंचीनेही माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं करून कमी पावसात द्राक्षबागा उभ्या केल्या. पण या गावांचे दाखले देताना आपण चर आणि बंधारे तेवढे मोजतो, उपशावरचा लगाम विसरतो. लगाम नसेल तर अडवलेलं पाणी सगळ्यात खोल बोअरवाल्याकडे जातं. तुमच्या ग्रामसभेत तेवढं बळ आहे का, याचं उत्तर तुम्हालाच माहीत.

प्रादेशिक योजना

इथे उद्भव मोठा असतो आणि तीच खरी ताकद. जायकवाडीचं उदाहरण घ्या. त्याचा जिवंत साठा सुमारे ७६ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि तो भरतो नाशिककडच्या घाटमाथ्यावरच्या पावसाने. त्यामुळे पैठणला पाऊस नसतानाही नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरू शकतो. शिवाय जिवंत साठा संपला तरी सुमारे २६ टीएमसी मृतसाठा उरतो. जॅकवेल, म्हणजे धरणातून पाणी खेचणारी विहीर, तेवढी खोल असेल, किंवा आपत्कालीन पंपांची सोय असेल, तर पिण्याचं पाणी निघतं. शेपन्नास फुटी विहिरीकडे असली शिदोरी नसते.

पण मोठं धरण म्हणजे हमी असंही नाही. लातूर शहराची मुख्य भिस्त मांजरा धरणावर होती. ते आटलं आणि एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून ५ लाख लिटर, पुढे ५० वाघिणींतून सुमारे २५ लाख लिटर. धरण कोरडं पडलं, पण त्याच खोऱ्यात ऊस उभा होता. जायकवाडीलाही वरच्या धरणांशी भांडण चुकलेलं नाही. ऑक्टोबरच्या मध्याला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडावं, असं जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये ठरवून दिलं, तरी टंचाईच्या वर्षी प्रकरण कोर्टात जातंच. तेव्हा प्रादेशिक योजनेच्या कागदावर धरणाचं नाव पाहून थांबू नका. पिण्यासाठी आरक्षण किती आणि जॅकवेल कोणत्या पातळीपर्यंत पाणी खेचते, हे दोन आकडे मागा.

आता विजेचं बोलू, कारण या योजना धरण आटण्याआधी बिलाने बंद पडतात. हजार लिटर पाणी १०० मीटर उचलायला, पंपाची तूट आणि घर्षण धरून, साधारण अर्धा युनिट लागतो, थोडा कमीच. आपल्या तीन हजारांच्या गावाला दिवसाला ७५ युनिट. दर आठ रुपये धरला तर वर्षाला सव्वादोन लाखांच्या आत. ६०० घरांत वाटा, घरटी रोजचा रुपया. गळती आणि चोरीत एक तृतीयांश पाणी गेलं तरी दीड रुपया. एवढं पाणी तर मोलमजुरी करणारं घरही विकत घेऊ शकतं, आणि टँकरच्या मागे हंडे घेऊन धावण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे.

मग थकबाकी का होते? कारण विजेचं मीटर एक आणि गावं पन्नास. वाटेतली वीस गावं भरत नाहीत, काही जण मुख्य वाहिनीला भोक पाडून शेत भिजवतात, आणि वीज तुटते ती सगळ्यांची. टेलच्या, म्हणजे वाहिनीच्या शेवटच्या, गावाने इमानदारीने पट्टी भरली तरी त्याच्या टाकीत पाणी चढत नाही. प्रादेशिक योजनेचं माझ्या मते सगळ्यात मोठं दुखणं हेच, आणि त्यात सगळ्यात जास्त भरडलं जातं शेवटचं गाव. उपाय साधा आहे: प्रत्येक गावाच्या वेशीवर पाण्याचं मीटर, गावाला मोजून पाणी, मोजून बिल. तो आराखड्यात नसेल तर सही करू नका.

निवड कुठे सोपी आहे

अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात वाद घालण्यात अर्थ नाही. पूर्णेच्या गाळाखालचं पाणीच खारं. तिथे स्वतःची विहीर हा पर्याय कागदावरही उरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं वान धरण वर, गावं खाली, म्हणून अकोटच्या ८४ खेडी योजनेसारखी रचना तिथे स्वाभाविक ठरते.

शहराला चिकटून फुगणाऱ्या गावांचंही तसंच. एमआयडीसी आली, प्लॉट पडले, की दहा वर्षांत वस्ती दुप्पट होते आणि भाडेकरू पाणीपट्टीच्या यादीत येतही नाहीत. भुयारी गटार झालं की गरज माणशी ५५ वरून शहरी मापाच्या १३५ लिटरकडे सरकते. दोन विहिरींवर हे पेलत नाही. इथे प्रादेशिक योजनाच घ्या, पण तीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज जुन्या जनगणनेच्या वाढीवर न काढता आजच्या घरांच्या मोजणीवर काढायला लावा.

"ग्रिड येणारच आहे, थांबू या" हा तिसरा सूर मराठवाड्यात ऐकू येतो. अकरा धरणं जोडण्याची ती योजना पाणी इकडून तिकडे नेईल, नवं पाणी निर्माण करणार नाही. इसापूर, विष्णुपुरीसारखी पूर्वेची धरणं जास्त पावसाच्या बाजूला असल्याने काही वर्षी तिचा उपयोग नक्की होईल. तिच्या भरवशावर आजचा निर्णय टांगून ठेवण्याच्या मात्र मी विरोधात आहे.

उरली ती मधली, मोठ्या संख्येची गावं: खडक बेसाल्टचा, पाणी गोडं, वाढ बेताची. तिथे मी आधी स्वतःचा उद्भव बळकट करीन आणि प्रादेशिक जोडणी उन्हाळ्यापुरती घेईन. प्रादेशिक नळ आला की जुनी विहीर बुजते, मोटार काढून नेली जाते, हे सर्रास होतं. मग वीज तुटली की गावाकडे टँकरखेरीज काही राहत नाही, आणि टंचाईतल्या टँकरचं माप माणशी २० लिटर. म्हणून दोन्हीपैकी काहीही निवडा, ठरावात एवढं लिहून घ्या: जुनी विहीर आणि तिची मोटार चालू स्थितीत राहील, दरवर्षी पावसाळ्याआधी गाळ निघेल, तिच्या ५०० मीटरच्या आत बोअर होणार नाही, आणि योजनेचं पाणी आठ दिवस बंद राहिलं तर किती दिवसांचं पाणी गावाच्या हातात आहे, हा आकडा दर मार्चच्या ग्रामसभेत वाचला जाईल.