तामिया टीटी-०२ : आठ महिने, दोन गाड्या, एक पार्किंग

मस्कतच्या मामाने १९८९ साली आणलेली तामिया या जपानी कंपनीची ‘हॉर्नेट’ ही रिमोटवरची गाडी माझ्या दहावीच्या वर्षी माळ्यावर गेली ती गेलीच. यंदा घर रंगवायला काढलं तेव्हा खोकं खाली आलं. निकेल-कॅडमियमची बॅटरी गळलेली, टायरांना चिरा. लेकीने विचारलं, “बाबा, ही चालते?” नाही चालत म्हणालो, आणि त्याच आठवड्यात तामियाच्याच टीटी-०२ या रिमोट गाडीची दोन किट मागवली. एकच गाडी असली की शर्यत होत नाही, भांडण होतं. लहानपणी मी आणि भावाने ते पुरेसं केलंय.

किट म्हणजे तयार गाडी नव्हे. एक-दशांश मापाची गाडी सुट्या भागांत येते, आणि रिमोट, सर्वो (चाकं वळवणारी छोटी मोटर), बॅटरी, चार्जर वेगळे घ्यावे लागतात. या बाकीच्यावर माझा किटइतकाच खर्च झाला. घरी तो आकडा मी दोन हप्त्यांत सांगितला.

जोडायला आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. स्क्रू जपानी धाटणीचे असतात, आपल्या नेहमीच्या चौफुली पेचकसाने त्यांची डोकी झिजतात. जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा पेचकस आधी घ्या. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना आधी थोडा उलटा फिरवायचा, ‘टक्’ झालं की मग आवळायचा, म्हणजे जुन्याच आट्यात बसतो. लेक हे माझ्याआधी शिकली. किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकच्या बुश (साध्या कड्या) येतात. त्यांच्याऐवजी जोडतानाच पाच बाय अकरा मिलिमीटरची सोळा बॉल बेअरिंग घाला, नाहीतर नंतर सगळं पुन्हा उघडावं लागेल. मी उघडलं.

बॉडी पारदर्शक पॉलीकार्बोनेटची, रंग आतून मारायचा. धाकट्याने मोठ्या हौसेने आतल्या बाजूने आपलं नाव रंगवलं. बाहेरून पाहतो तर नाव आरशातलं. तसंच ठेवलंय. आता ती गाडी लांबूनही ओळखू येते.

आमचा ट्रॅक म्हणजे सोसायटीचं पार्किंग, रविवारी सकाळी सात ते साडेआठ. खडूच्या रेघा, कोपऱ्यांवर जुन्या चपला. पेव्हर ब्लॉकवर धूळ भरपूर, पण चारही चाकांना शाफ्टने ताकद जाते आणि गिअरबॉक्स बंदिस्त आहे, त्यामुळे आठ महिन्यांत आतला गिअर एकही गेला नाही. तुटलं ते पुढच्या चाकाचं नकल (चाक धरणारा सांधा), दोनदा, दोन्ही वेळा मी कट्ट्यावर आपटून. सुटा भाग मिळत नाही, अनेक भाग एकत्र जोडलेली अख्खी प्लॅस्टिकची फ्रेम घ्यावी लागते. उरलेल्या तुकड्यांचा डबा आता फराळाच्या डब्याएवढा झालाय.

चालवायला अवघड काय, तर गाडी आपल्याकडे यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं. मुलांना आठवडाभरात जमलं. माझ्या बाबांना (वय ७४) अजून नाही, ते गाडीबरोबर स्वतःच गोल फिरतात. म्हणून त्यांच्याकडे स्टॉपवॉच आणि वही. पाच मिनिटांची फेरी, जास्त चकरा त्याचा विजय. ज्याची फेरी नसेल त्याने मार्शल म्हणून उलटलेल्या गाड्या उचलायच्या. आई खुर्चीवर बसून कुणी कोपरा कापला ते ओरडून सांगते आणि तिच्या निकालावर अपील नाही.

तिसऱ्या महिन्यात मला खाज सुटली. माझ्या गाडीत ब्रशलेस, म्हणजे बरीच वेगवान मोटर बसवली. पहिल्या रविवारी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दुसऱ्या रविवारी लेकीने रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, “तूच खेळ.” मी गुपचूप किटमधली चंदेरी ५४० मोटर परत लावली. आता दोन्ही गाड्यांत तीच मोटर आणि बावीस दात्यांचा तोच पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक). तेव्हापासून ही, म्हणजे आमची सौ., वहीत पहिली आहे. ती सरळ पट्ट्यावर कधीच पूर्ण दाबत नाही, पण उलटतही नाही. मागच्या रविवारी तिच्या सतरा चकरा, माझ्या पंधरा. उलटलो नाही तेव्हा माझा एकेक लॅप तिच्यापेक्षा जलद होता, हे मी कुणाला पटवू शकलेलो नाही.

बॅटरीचं मात्र गांभीर्याने घ्या. सुरुवातीला आम्ही ७.२ व्होल्टच्या निकेलवर होतो, मग दोन सेलची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) घेतली. आमच्या स्पीड कंट्रोलरवर (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) लिपो की निकेल हे सांगणारा चिमुकला जम्पर (काढून-घालायची पिन) असतो. तो मी हलवायला विसरलो, त्यामुळे बॅटरी उतरली तरी गाडी थांबली नाही, सेल ३ व्होल्टच्या खाली गेले आणि बॅटरी पुरीसारखी फुगली. पूर्ण माझी चूक. आता चार्जिंग समोर बसूनच, आणि आठवडाभर ठेवायची असली तर सेलमागे ३.८ व्होल्टवर.

पावसाळ्यात महिनाभर बंद होतो. सेक्रेटरींनी आवाजाबद्दल एकदा विचारलं, मग नातवाला घेऊन आले. आता तिसऱ्या रिमोटचा विषय निघालाय.

आणि हो, हॉर्नेट. तामियाने ती २००४ साली पुन्हा बाजारात आणली, त्यामुळे तिचे मागचे काटेरी टायर नवे मिळतात. मागवलेत. घरी अजून सांगितलेलं नाही.