न उघडलेल्या इंजिनाचे २०,४५० रुपये

बडोद्यातील एका गॅरेजवाल्याने माझ्याकडून २०,४५० रुपये घेतले आणि त्या बदल्यात माझ्या मोटारसायकलीचे ऑइल एकदा बदलले, प्लग पुसून परत बसवला आणि चांगली बॅटरी काढून घेऊन तिच्या जागी कोणाची तरी जुनी बॅटरी ठेवून दिली. काम एवढेच झाले होते, हे दुसऱ्या मिस्त्रीने डोळ्यांदेखत दाखवून दिले तेव्हा संताप आलाच. पण चारचौघांत सांगायची लाज त्याहून अधिक वाटली. आता लिहितो आहे, कारण आमच्याच सोसायटीतील आणखी दोघांना याच पद्धतीने लुबाडले गेले आहे, आणि तेही लाजेपायी गप्प बसले होते.

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तो आठवडा ज्यांनी अकोटा, मुजमहुडा किंवा समा भागात काढला आहे त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. आमच्या पार्किंगमध्ये पाणी सीटच्या वर होते. पाणी ओसरल्यावर घरातील फ्रिज, वॉशिंग मशीन, पिठाचे डबे, तळमजल्यावरील सासूबाईंची औषधे यांचे काय करायचे हा प्रश्न आधी होता. वीज नव्हती, प्यायच्या पाण्याची ओढाताण होती आणि मला मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कामावर हजर होणे भाग होते. अधिकृत सर्व्हिस सेंटरने नाव लिहून घेतले आणि तीन आठवड्यांनी फोन करू असे सांगितले. त्यातच कळले की २०२१ मध्ये गाडी घेताना मिळालेला ‘पाच वर्षांचा विमा’ हा केवळ थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे इतरांच्या होणाऱ्या नुकसानीचा असतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा (‘ओन डॅमेज’) भाग पहिल्या वर्षानंतर दरवर्षी वेगळा भरावा लागतो. तो माझा भरलेला नव्हता. शोरूमवाल्याने ही गोष्ट गाडी देताना मोठ्या आवाजात सांगितली असती तर पुढचे काहीच घडले नसते, असे मी आजही म्हणेन. आपापली पॉलिसी आजच काढून तिच्यावर ‘ओन डॅमेज’ची तारीख कोणती आहे ते पाहावे.

अशा वेळी एक टेम्पो सोसायटीत आला. त्याबरोबरचा माणूस, म्हणजे हाच गॅरेजवाला, चांगली मराठी बोलत होता, ‘काका’ म्हणत होता, आजोळ दांडिया बाजारातल्या मराठी वस्तीत असल्याचे सांगत होता. बडोद्यात जन्म काढलेल्या मराठी माणसाला एवढे पुरते. गाडी नेण्याचे ४०० रुपये, संपूर्ण सर्व्हिसचे २,५०० रुपये असा भाव त्याने सांगितला, जो त्या दिवसांत वाजवीच होता, आणि १,००० रुपये रोख आगाऊ घेतले. निघताना त्याने एकच प्रश्न विचारला: “काका, पाणी उतरल्यावर सेल्फ मारून बघितला का?” मी अभिमानाने सांगितले की एकदाही नाही, किकलासुद्धा हात लावलेला नाही. त्या उत्तराने त्याला काय कळले हे मला फार उशिरा समजले.

सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर पाणी दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन फिरवलेच नसेल तर तो वाकण्याचे कारण राहत नाही. बुडालेल्या गाडीचा प्लग काढून पाणी बाहेर काढणे, ऑइल दोन वेळा बदलणे, एअर फिल्टर नवा टाकणे, पेट्रोलची टाकी रिकामी करणे, कनेक्टर सुकवणे आणि ब्रेक व बेअरिंग साफ करणे, एवढ्यावर बहुधा काम भागते. म्हणजे माझी गाडी जवळजवळ धडधाकट आहे, हे त्या माणसाला माझ्याच तोंडून समजले होते.

पुढे फोन आला की इंजिन जाम आहे, रॉड वाकला आहे, पिस्टन गेला आहे, सगळे खोलावे लागेल, ९,४०० रुपये होतील आणि बोअरिंगचे, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करण्याचे, १,३५० वेगळे. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला: पत्र्याच्या ट्रेमध्ये दूध घातलेल्या चहासारखे दिसणारे ऑइल आणि ट्रेच्या कोपऱ्यात एक गंजलेला खिळा. ऑइलमध्ये पाणी मिसळले की ते तसेच दिसते, त्यामुळे माझा विश्वास बसला. मी यूपीआयने ९,००० रुपये पाठवले. त्यानंतर ईसीएम, म्हणजे गाडीचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, जळाल्याचे सांगून ६,८०० रुपये वाढवले गेले. गाडी आणायला गेलो तेव्हा उरलेले १०,४५० रुपये त्याने रोखच मागितले, कारण म्हणे त्याच्या बँकेचा सर्व्हर बंद होता. एटीएम समोरच होते.

आता ज्या क्षणाबद्दल मला झोप येत नाही तो सांगतो. जुने पार्ट दाखवा असे मी म्हटले होते. इतका सावधपणा माझ्याकडे होता, हे नोंदवून ठेवतो. त्याने एक पिस्टन माझ्या हातावर ठेवला. माथ्यावर काजळी होती आणि त्या काजळीखाली कोरलेला ‘५०’ हा आकडा मला स्वच्छ दिसला; मी अंगठ्याने तो पुसूनही पाहिला. सिलिंडर घासला गेला की बोअर वाढवून मोठ्या मापाचा पिस्टन घालतात, आणि त्या मापाचा आकडा, ०.२५, ०.५०, असा पिस्टनच्या माथ्यावर असतो. माझ्या गाडीचे इंजिन कंपनीतून आल्यापासून कधीच उघडलेले नव्हते. मग त्यातून ५० मापाचा पिस्टन निघेल कसा? शिवाय तो पिस्टन खडखडीत कोरडा होता, त्यावर गाळाचा कण नव्हता, गंजाचा डाग नव्हता. आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता, अंगठ्याखाली होता, आणि मी “बरं” म्हणून तो परत दिला. मी कारखान्यात मोजमापाचेच काम करतो, हे वाचणाऱ्यांपैकी कोणी म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो. पण रात्रभर घरातला चिखल उपसून आलेल्या माणसाने एका पिस्टनवरील आकड्यावरून उलटतपासणी घ्यावी, अशी अपेक्षा करणाऱ्याने एकदा तसा चिखल उपसून पाहावा.

बिल म्हणून जे मिळाले ते वहीतून फाडलेले पान होते. त्यावर दुकानाचे नाव नाही, तारीख नाही, सही नाही. वर ‘रफ’ असे लिहिलेले. तेही नीट वाचले असते तर त्यातच चोरी सापडली असती, कारण एका ओळीत ‘बोअरिंग’ आणि पुढच्याच ओळीत ‘पिस्टन किट स्टँडर्ड’ लिहिले होते. बोअर वाढवल्यावर त्यात स्टँडर्ड मापाचा पिस्टन बसवून काहीच उपयोग नसतो. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: लहान गॅरेजमध्ये बोअरिंगचे मशीन सहसा नसते, सिलिंडर ब्लॉक बाहेर लेथवाल्याकडे पाठवला जातो. त्या लेथवाल्याची चिठ्ठी मागावी. काम झालेले असेल तर ती मिळते.

काही आठवड्यांतच सेल्फ बंद पडला आणि पुढचे चाक कुरकुरू लागले. ऑफिसमधील एका सहकाऱ्याने त्याच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे नेले. हे गृहस्थ गुजराती, वयस्कर, बोलायला तुसडे. “बसा, आणि स्वतः बघा,” एवढेच म्हणाले. त्यांनी टॉर्च लावून इंजिनच्या हेडचे बोल्ट दाखवले. त्यांवर कंपनीत मारलेल्या पिवळ्या रंगाच्या खुणा जशाच्या तशा होत्या, एकाही बोल्टला पान्याचा ओरखडा नव्हता. मग ईसीएमचा कनेक्टर काढला. आत पुराचा गाळ सुकून बसला होता आणि डब्यावर गाडीइतकेच जुने स्टिकर होते. ऑइल अजूनही गढूळ होते. बॅटरीवरची तारीख माझी गाडी जन्मायच्या आधीची होती. त्यांनी हवे असलेले सामान कागदावर लिहून दिले आणि ते मला स्वतः दुकानातून आणायला लावले. दोनदा ऑइल, फिल्टर, प्लग, बेअरिंग आणि मजुरी धरून १,८६० रुपये झाले, नवी बॅटरी १,४५० रुपये. एकूण ३,३१०. गाडी त्यानंतर बिनतक्रार चालते आहे.

तेव्हा मिस्त्री निवडताना तो आपली भाषा बोलतो की नाही हे पाहू नका; तो तुम्हाला स्टूल देऊन गाडीशेजारी बसू देतो की नाही हे पाहा. “काका, तुम्ही घरी जा, मी फोन करतो” म्हणणाऱ्याकडून गाडी तिथल्या तिथे परत आणा.

त्या पहिल्या गॅरेजवर मी गेलोच. इतके दिवस माझ्याशी मराठीत बोलणारा तो माणूस त्या दिवशी एक शब्द मराठीत बोलला नाही. बॅटरीचा नंबर दाखवा म्हणाला. तो माझ्याकडे नव्हता. (गाडी देण्यापूर्वी बॅटरी, टायर आणि किलोमीटरचा आकडा यांचे फोटो काढून ठेवावेत, दोन मिनिटांचे काम आहे.) नव्या पिस्टनचे पाकीट मागितले तर भंगारवाल्याने नेले म्हणे. अस्सल पार्ट सीलबंद पाकिटात येतो, त्यावर पार्ट नंबर आणि किंमत छापलेली असते. ते रिकामे पाकीट जुन्या पार्टसोबत मागून घ्यायचे.

आणि आता सरकारी यंत्रणेविषयी. पोलीस ठाण्यात माझे म्हणणे ऐकून घेण्यापूर्वीच “हा सिव्हिल मॅटर आहे” असा निकाल मिळाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. खोटे सांगून, दुसऱ्याचा पिस्टन माझा म्हणून दाखवून पैसे उकळणे हे त्यात बसत नसेल तर काय बसते, असे मी विचारले. उत्तर आले की पुरात लोकांची घरे गेली आहेत, तुम्ही पिस्टन काय घेऊन बसलात. माझेही घर गेले होते, पण ते कोणी विचारले नाही. अर्ज ठेवून घेतला, पोच देण्याबाबत टाळाटाळ केली, आणि पोच मागतो म्हणून मीच संशयित असल्यासारखे माझ्याकडे पाहिले गेले. पुढे दुकानांच्या नोंदणीचे काम पाहणाऱ्या एका कार्यालयात गेलो. तेथे सांगितले की दुकान नोंदवलेले आहे की नाही एवढेच ते पाहतात, आत काय चालते ते नाही. दुकान नोंदवलेले आहे का, असे विचारल्यावर माहिती अधिकारात अर्ज करा म्हणाले. म्हणजे जे एकमेव काम आपले आहे असे त्यांनी स्वतःच सांगितले, तेही अर्जाशिवाय होणार नव्हते. सगळीकडे पहिला प्रश्न एकच: पक्के बिल कुठे आहे? पक्के बिल देणारा माणूस असता तर मी या खिडक्यांपुढे उभा राहिलो असतो का, एवढा साधा विचार पगार घेणाऱ्या इतक्या माणसांपैकी एकाच्याही डोक्यात येऊ नये, याचे मला अजून नवल वाटते. वास्तविक २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सेवा दिल्यावर बिल किंवा पावती न देणे हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिल नसणे हा माझा दोष नसून त्याचा अपराध आहे, हे मला कायदा वाचून कळले, कोणत्याही टेबलावर नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिचा उपयोग होतो, पण गल्लीतील गॅरेजला उत्तर द्यायला भाग पाडण्याचा अधिकार तिच्याकडे नाही, हे आधीच समजून घ्यावे. खरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. मी वकिलाकडून नोटीस पाठवली, तिचे १,५०० रुपये झाले. ‘घेण्यास नकार’ असा शेरा घेऊन पाकीट परत आले. ते फाडू नये, तोही पुरावा आहे. यूपीआयने दिलेले ९,००० रुपये बँकेच्या नोंदीत असल्यामुळे निदान त्या माणसाचे खाते आणि नाव हाती लागले. रोख दिलेल्या ११,४५० रुपयांचा मागमूस नाही. सर्व्हर बंद असेल तर तो सुरू होईपर्यंत गाडी तिथेच राहू द्यावी, रोकड देऊ नये.

माझ्या तक्रारीचे बळ वाढले ते एका अनपेक्षित ठिकाणी. सोसायटीच्या सभेत मी धीर करून हा विषय काढला, तेव्हा वरच्या मजल्यावरील जोशीकाकूंनी आपला मोबाइल पुढे केला. त्यांच्या मुलाच्या स्कूटरचे म्हणून पाठवलेले गढूळ ऑइल, तोच पत्र्याचा ट्रे, कोपऱ्यात तोच गंजलेला खिळा. बी विंगमधील एकाकडेही तोच फोटो निघाला, तारीख माझ्या फोटोच्या दोन दिवस आधीची. एकाच प्रकारे नाडल्या गेलेल्या अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रार दाखल करता येते, आणि आम्ही तिघे तशी तयारी करीत आहोत. सप्टेंबर २०२४ मध्ये बडोद्यात ज्यांनी पुरात बुडालेली दुचाकी टेम्पोने दुरुस्तीला पाठवली आणि ज्यांना अशा ट्रेचा फोटो आला, त्यांनी तो कृपया काढून टाकू नये. मूळ चॅट, तारीख आणि पाठवणाऱ्याचा क्रमांक यांसह तसाच ठेवावा, आणि आपल्या शेजाऱ्याला त्याच्या मोबाइलमध्ये शोधायला सांगावे.