क्वाड नाइन आणि यूब्लॉक ओरिजिन : नऊ महिने वापरल्यानंतर

कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझे झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे छोटे दुकान आहे. दुकानातील विंडोजच्या दोन संगणकांवर आणि घरच्या दोन फोनांवर मी जून २०२५ पासून दोन मोफत साधने वापरत आहे : ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारा यूब्लॉक ओरिजिन हा विस्तार (एक्स्टेन्शन), आणि डीएनएससाठी, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरील पत्ता शोधून देण्याच्या कामासाठी, क्वाड नाइन ही सेवा. या दोन्हींची शिफारस लोक एका दमात करतात. वापरात मात्र त्यांचे मोल माझ्या लेखी फारच वेगळे ठरले, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी निमित्त सांगतो. कोल्हापुरात पावसाळ्याच्या दिवसांत सकाळचा पहिला प्रश्न पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आले हाच असतो. राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी येथे शाळकरी मुलांनाही पाठ असते, आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याचे कळले की जो तो फोन काढतो. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या दुकानातील मदतनीस मुलाने याच दरवाज्यांचे थेट चित्रण शोधले. जे पान उघडले त्यावर एक काळी चौकट होती आणि चित्रण पाहायचे असेल तर ‘अलाउ’ दाबा, अशी सूचना होती. त्याने ते दाबले. दुसऱ्या दिवसापासून पडद्याच्या कोपऱ्यात दर काही मिनिटांनी ‘तुमच्या संगणकात व्हायरस सापडले आहेत’ असे इशारे येऊ लागले. दुरुस्ती करणाऱ्याने ८०० रुपये घेतले आणि विंडोज नव्याने टाकून दिले. प्रत्यक्षात त्या संगणकात काहीच शिरलेले नव्हते. त्या पानाला नोटिफिकेशन पाठवण्याची परवानगी तेवढी मिळाली होती, आणि ती काढायला अर्धे मिनिट पुरले असते. ८०० रुपयांपेक्षा मराठी फाँट आणि प्रिंटरची मांडणी पुन्हा बसवण्यात गेलेले दोन दिवस मला अजून बोचतात.

बातमीच्या आडून होणारी ही शिकार केवळ आपल्याकडची नाही. मार्च २०२० मध्ये करोनाचा जागतिक नकाशा दाखवण्याच्या नावाखाली पासवर्ड चोरणारे ॲझोरल्ट नावाचे घातक सॉफ्टवेअर पसरवले गेले होते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरचे विंडोज संगणक बंद पडले, तेव्हा त्यावरचा उपाय देण्याचा दावा करणारी बनावट संकेतस्थळे लगोलग उभी राहिली. एखादी घटना अचानक घडते तेव्हा लोक जे शब्द शोधतात, त्यांवर विश्वासार्ह असे एकही पान अजून तयार नसते, आणि त्या मोकळ्या जागेत तासाभरापूर्वी जन्मलेले पान सहज वर येते. पुढचे सगळे वाचताना हा ‘तासाभरापूर्वी’ शब्द कृपया ध्यानात ठेवावा.

यूब्लॉक ओरिजिनबद्दल माझी तक्रार जवळजवळ नाही. क्रोमने २०२५ मध्ये या मूळ विस्ताराचा आधार काढून घेतला आणि तेथे त्याची ‘लाइट’ आवृत्ती उरली, त्यामुळे मी दोन्ही संगणक फायरफॉक्सवर आणले. अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्येही तो पूर्ण स्वरूपात चालतो, ही त्याची मोठीच सोय आहे. बनावट बातमीच्या पानावर धोका बहुधा मजकुरात नसतो. ‘प्लेअर अपडेट करा’ म्हणणाऱ्या जाहिराती, खोटी डाउनलोडची बटणे आणि एका टिचकीसरशी मागे उघडणारी दुसरी खिडकी यांत तो असतो, आणि या विस्ताराने नेमकी हीच वाट बुजवली. शिवाय घातक पत्त्यांची एक वेगळी यादी त्यात आधीपासूनच जोडलेली असते. नोटिफिकेशनची विनंती मात्र तो अडवत नाही. त्यासाठी फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन नव्या विनंत्या सरसकट बंद कराव्या लागतात. दुकानात हे न करता नुसता विस्तार टाकणे म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवणे होय. अर्जांची दोन-तीन पोर्टले फायरफॉक्समध्ये नीट चालत नाहीत, म्हणून मायक्रोसॉफ्टचा एज ब्राउझरही ठेवावा लागला, ही गैरसोय आहे. ज्या दोन स्थानिक वृत्तपत्रांची पाने मी रोज वाचतो, तेथे मी विस्तार मुद्दाम बंद ठेवला आहे, कारण त्यांचे पोट जाहिरातींवरच चालते.

क्वाड नाइनची मांडणी त्याहून सोपी आहे. राउटरमध्ये ९.९.९.९ लिहिले की दुकानातील सर्व यंत्रे घातक म्हणून नोंदलेल्या पत्त्यांकडे जाणे थांबवतात. ही सेवा २०१७ मध्ये सुरू झाली, तिचे मुख्यालय आता स्वित्झर्लंडमध्ये आहे, आणि वापरणाऱ्याचा आयपी पत्ता ती साठवत नाही. वेगात मला कोणताही फरक जाणवला नाही. त्रास वेगळाच आहे : एखादा पत्ता अडवला गेला तर तसे सांगणारे पान दिसत नाही, ब्राउझर फक्त संकेतस्थळ सापडत नसल्याचे कळवतो. त्यामुळे पहिले दोन महिने इंटरनेट बंद पडले की पत्ता अडवला, हे समजण्यासाठी दर वेळी त्यांच्या संकेतस्थळावर जाऊन तो पत्ता तपासावा लागे, आणि समोर गिऱ्हाईक ताटकळत असताना ते जमत नसे.

त्याची खरी परीक्षा लाडकी बहीण योजनेत ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा, सप्टेंबर २०२५ नंतर झाली. त्या दिवसांत काउंटरवर येणाऱ्या निम्म्या बायका फोन पुढे करून ‘दादा, हीच लिंक आहे का बघा’ म्हणत. मूळ पत्त्यात पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या (/) आधीच्या भागाचा शेवट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन असाच होतो, आणि तो भाग उजवीकडून वाचायचा असतो. हेच शब्द डावीकडे आणि शेवटी भलतेच काही असेल तर ते पान सरकारचे नव्हे. हे मी मदतनिसाला शिकवले होते. तरीही एका गर्दीच्या दुपारी, पोर्टल हळू चालत होते म्हणून त्याने ‘यादी’ शोधली आणि एका पानावर पोहोचला, जेथे ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा’ असे लिहून विंडोज आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर दाबायला सांगितले होते. पहिल्या टिचकीसरशीच त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते, आणि त्या कळा दाबल्या की ती आपल्याच हाताने चालवली जाते. लुमा नावाचा पासवर्डचोर याही मार्गाने पसरवला जात होता; १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत ३ लाख ९४ हजारांहून अधिक विंडोज संगणकांत तो आढळल्याचे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. मुलाने एंटर दाबण्यापूर्वी मला हाक मारली, एवढ्यावर आम्ही निभावलो. यूब्लॉकने ते पान रोखले नव्हते आणि क्वाड नाइननेही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोच पत्ता तपासला, तेव्हा क्वाड नाइनने तो अडवलेला होता.

क्वाड नाइनविषयीचे माझे मत तेथेच ठरले. घातक पत्त्यांची यादी कितीही मोठी असली तरी ती कोणीतरी फसल्यानंतर, किंवा निदान कोणाच्या तरी लक्षात आल्यानंतर लिहिली जाते, आणि बातमीवर स्वार झालेल्या पानाचे आयुष्य पुष्कळदा त्याच्या आतच संपते. जुन्या, मुरलेल्या धोक्यांसाठी ही सेवा चांगली आहे. ताज्या बातमीसाठी ती नेहमी एक दिवस मागे असते. दुकानातील रोजचे काम मी साध्या, प्रशासकीय अधिकार नसलेल्या खात्यावर करतो. पण ब्राउझरमधील पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकी (लॉगिन टिकवून ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) चोरायला तेवढे अधिकारही पुरतात, म्हणून त्या घटनेनंतर दोन्ही ब्राउझरांत साठवलेले सगळे पासवर्ड काढून टाकले.

फोनचा अनुभव थोडक्यात सांगतो. अँड्रॉइडच्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये क्वाड नाइन चालते, मात्र लॉगिनचे पान असलेल्या सार्वजनिक वाय-फायवर ते मला दोनदा बंद करावे लागले. वडिलांना व्हॉट्सॲपवर वाहतूक दंडाच्या नावाने एक एपीके फाइल (अँड्रॉइडवर ॲप बसवणारी फाइल) आली होती. ती तर कोणत्याही संकेतस्थळावरून आली नव्हती, त्यामुळे येथे डीएनएसचा काही संबंधच नव्हता. व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप बसवण्याची परवानगी आधीच काढून घेतली होती, म्हणून ती तेथेच अडली.

यूब्लॉक ओरिजिनला मी दहापैकी नऊ गुण देईन, क्वाड नाइनला सहा. दोन्ही चालूच ठेवणार आहे, कारण दोन्हींना पैसे पडत नाहीत. दरवाज्यांच्या आणि पाण्याच्या बातमीसाठी मात्र आता दुकानात शोध घेतला जात नाही. त्या दोन वृत्तपत्रांची आणि जिल्हा प्रशासनाची पाने फायरफॉक्सच्या पट्टीवर बुकमार्क करून ठेवली आहेत, आणि जे तेथे नाही ते मुलगा गिऱ्हाइकाला ‘अजून आलेले नाही’ असे सांगतो.