जुळे सोलापुरातला पशुवैद्य: सापाला औषध देणारा, आणि न देता घरी पाठवणाराही

माझा शंभू बॉल पायथन जातीचा साप आहे. नर आहे आणि हिवाळा लागला की खाणं सोडतो. गड्ड्याची जत्रा येते, उठते, पण हा उंदराकडे ढुंकूनही बघत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा शहरातल्याच एका दवाखान्यात वजनही न करता व्हिटॅमिनची सुई भरायला घेतली. मी पिशवी उचलली आणि इथे आलो.

इथल्या डॉक्टरांनी आधी परिवेश या सरकारी पोर्टलवरच्या नोंदणीचा कागद मागितला. बरं वाटलं. नाग, धामण, आपला अजगर घरात ठेवणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला, त्याची नोंद लागते. मग पिशवीसकट काट्यावर ठेवला, कण्यावरून बोट फिरवून मांस किती आहे ते बघितलं आणि विचारलं, "टाकीत गरम बाजूला किती डिग्री असतं ओ?" बत्तीस. "गार बाजूला?" सव्वीस. "मग न्या घरी. यांचे नर महिनोन् महिने खात नाहीत. वजन तेवढं वहीत लिहीत जा, दहा टक्क्यांच्या वर उतरलं तर या." टॉनिक नाही, काही नाही.

मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर आणि हवा ठणठणीत कोरडी. कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली, एका डोळ्यावर पापुद्रा राहिला. फोटो पाठवला. "चिमटा लावू नका, डोळ्याला इजा होईल. टाकीत ओल्या शेवाळाचा डबा ठेवा. पुढच्या कातेलाही नाही निघाला तर आणा." पुढच्या कातेला निघाला. फोटो बघायचे पैसे घेतले नाहीत.

एकदा मात्र तेच डॉक्टर फोनवर म्हणाले, "आत्ताच्या आत्ता आणा." थंडीत रात्रभर लाइट गेली होती. त्यानंतर शंभूच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागला, ओठाच्या कडेला बुडबुडे, मान वर करून तोंड उघडं. सापाला आपल्यासारखा छातीचा पडदा नसतो, खोकून चिकटा बाहेर टाकता येत नाही. तो आतच साठतो आणि न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी मऊ प्लास्टिकच्या पट्टीने जबडा उघडला, टॉर्च मारली आणि मला श्वासनळीचं तोंड दाखवलं. जिभेच्या वरच्या बाजूला बारीक फट, ती उघडायची तेव्हा फेस वर यायचा. कापसाच्या काडीवर नमुना घेऊन लॅबला पाठवला. अँटिबायोटिक वजनावर हिशोब करून दिलं, तेही अंगाच्या पुढच्या भागात. मागच्या भागात टोचलेलं औषध बाकी अंगात पोचण्याआधी मूत्रपिंडाकडे जाऊ शकतं, हे त्यांनी समजावून सांगितलं. टाकीची गरम बाजू रात्रीही उतरू द्यायची नाही, अंग गार असलं तर औषध लागू पडत नाही, असंही बजावलं. शंभू ठणठणीत झाला.

उणीव सांगायची तर एक्स-रे नाही, आणि बाहेरच्या बाकड्यावर भुंकणाऱ्या कुत्र्यांमध्ये बसावं लागतं. सापवाल्यांना शेवटची वेळ देतात, पण आधी फोन करायला हवा. मी पिशवी डब्यात ठेवून, झाकण लावून नेतो.

आता कुणी न्यायचं? लागोपाठ दोनदा उलटी, शेपटीखालून मांस बाहेर आलेलं, हीट मॅटने (टाकी गरम ठेवणाऱ्या विजेच्या चटईने) भाजलेलं, तोंडाने श्वास, यातलं काही असेल तर वेळ बघू नका. कात टाकण्याआधी डोळे दुधाळ झालेत, लपून बसलाय, खात नाही, पण वजन टिकून आहे, तर नेऊ नका. रिक्षातल्या हादऱ्यांनी तो आणखी बिथरेल आणि खाणं अजून लांबवेल. नेलाच तर टाकीच्या तापमानाचे आकडे आणि वजनाची वही बरोबर असू द्या, पहिला प्रश्न त्याचाच येतो.